दादाला व्यसनमुक्तीला न्यायचंय, तो म्हणतो "मला काही झालेलं नाही". सुरुवात कुठून करू?

रानजाई | ४ जून, रात्री ११:५२

बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की आई उठून देवघरात जाते.

माझा सख्खा मोठा भाऊ, वय ४४. साताऱ्याला असतो, एमआयडीसीत स्वतःचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. आधी फक्त शनिवारी प्यायचा, मग रोज संध्याकाळी, आणि गेलं दीड वर्ष सकाळी उठल्याउठल्या. मागच्या महिन्यात वहिनी सहज बोलून गेली की ती त्याला चहा अर्धाच कप देते. भरून दिला तर बशीत, बशीतून शर्टावर. पहिली नाइन्टी पोटात गेली की हात थांबतो, आणि मग हा माणूस लेथवर उभा राहतो. मला रात्री झोप लागत नाही ती या वाक्यानं.

क्वार्टर सापडतात स्कूटरच्या डिकीत, कूलरच्या मागे, एकदा तर तांदळाच्या डब्यात. सोडली पाच-सहा वेळा. मुलाची शपथ झाली. तीन वर्षांपूर्वी आषाढीला माळ घातली, सगळ्यांना वाटलं सुटला. कार्तिकीच्या आत माळ खुंटीला.

आता एकानं नंबर दिलाय. ते म्हणतात, पत्ता द्या, रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून नेऊ, सहा महिन्यांनी माणूस परत देऊ. वहिनी तयार आहे, इतकी ती थकलीये. दुसरीकडे मावशी म्हणते, जेवणातून द्यायची पावडर मिळते, त्याला कळणारसुद्धा नाही. मी पुण्यात, नोकरी सांभाळून हे सगळं फोनवर. काय करू?

---

कंदीपेढा | ५ जून, सकाळी ७:२०

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्या शेजाऱ्यांकडे गोळ्या कुटून भाजीतून दिल्या होत्या. तोंड लाल झालं, उलट्या, छाती धडधडायला लागली. त्यानंतर त्यांनी महिनाभर प्यायली नाही हे खरं. पण मग घरातलं जेवणंच सोडलं. बायकोच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हते.

---

स्टेथोबाबा | ५ जून, सकाळी ९:०५

सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात काम करतो. घाईत आहे, पण यावर लिहिल्याशिवाय ओपीडीत बसवणार नाही.

ती "पावडर" म्हणजे बहुतेक वेळा डायसल्फिराम. औषध चांगलंच आहे, पण रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, आणि शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास उलटल्यावर. औषध शरीरात असताना दारू प्यायली की दारूचं विघटन अर्ध्यावर अडकतं आणि कंदीपेढा यांनी लिहिलंय तसं होतं. कुणाचा रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस जाऊ शकतो. आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. चोरून देणं म्हणजे विषप्रयोगच. नका करू.

दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा महत्त्वाची. रानजाई, तुमच्या दादाला एकदम दारू बंद करायला लावू नका. सकाळी हात थरथरणं आणि पहिल्या घोटानंतर थांबणं, हे शरीर दारूवर चालू असल्याचं लक्षण आहे. अशा माणसाची दारू अचानक थांबली तर पहिल्या दिवसात थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालतात, भिंतीवर माणसं दिसतात, कुठे आहोत ते कळत नाही. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो. आमच्याकडे हे सगळ्यात जास्त कुठे सापडतं सांगू? हाडांच्या वॉर्डात. पाय मोडला म्हणून ॲडमिट केलं, नातेवाइकांनी लाजेपोटी दारूचं सांगितलं नाही, आणि तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून "गाडी आली" म्हणत पळतोय.

म्हणून डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देऊन हळूहळू कमी करतात, आणि बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं. गावाकडे "दोन सलाईन लावा, उतरेल" ही पद्धत आहे. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर पिणाऱ्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी "हे रोज पितात, शेवटची अमुक वाजता घेतली" हे स्पष्ट सांगा. डॉक्टर पोलिसांना बोलावत नाहीत हो.

संध्याकाळी येतो.

---

आगाऊ_कार्टं | ५ जून, दुपारी १:४०

कटू वाटेल पण लिहितो. ज्याला सोडायची असते तो सोडतो. माझ्या आजोबांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. इच्छाशक्ती हवी, बाकी केंद्रं वगैरे धंदा आहे.

---

जुना_भिडू | ५ जून, रात्री ९:३०

आगाऊराव, तुमच्या आजोबांना दंडवत. पण इच्छाशक्तीचं म्हणाल तर ती पिणाऱ्याकडे पोत्यानं असते. पहाटे पाच वाजता, खिशात दमडी नसताना, पावसात, बंद दुकानाचं मागचं दार उघडून घेणाऱ्या माणसात इच्छाशक्ती नाही असं तुम्हाला वाटतं? मी तो माणूस होतो. आज ११ वर्षं आणि काही महिने झाले, एक थेंब नाही.

रानजाई, तुझा दादा "मला काही झालेलं नाही" म्हणतो ते खोटं बोलत नसतो, हे आधी लक्षात घे. त्याला खरंच तसं वाटत असतं. मी रोज कुणाशी तरी तुलना करायचो. गटारात पडणाऱ्याकडे बघून म्हणायचो, मी तर घरी येऊन पडतो. नोकरी गेलेल्याकडे बघून म्हणायचो, माझी आहे. मग गेली. तेव्हा बायको सोडून गेलेल्याकडे बघायला लागलो.

मला मुक्तांगणला, म्हणजे पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात, आणलं ते बायकोच्या भावानं. पण त्याआधी दोन महिने बायको एकटी तिथे जात होती, आणि मला पत्ता नव्हता. मला फक्त एवढं दिसत होतं की घरात काहीतरी बदललंय. मी पडलो की ती उचलायची नाही, पांघरूण टाकून आत जायची. ऑफिसला फोन करून "त्यांना ताप आहे" सांगणं बंद झालं. उधारी फेडणं बंद झालं. भांडण नाही, रडणं नाही. मला त्याचीच भीती वाटायला लागली. एका सकाळी, अजून प्यायलो नव्हतो त्या अर्ध्या तासात, ती शांतपणे म्हणाली, "मी चौकशी करून आलेय, येतोस का?" बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. एरवी सगळे सांगायचे.

पस्तीस दिवस राहिलो. पहिले दिवस औषधांत गेले, नंतर सकाळी योगासनं, गटचर्चा, समुपदेशन, आणि वॉर्डातली कामं. झाडू मीही मारला. समोर बसून बोलणारा समुपदेशक स्वतः आधी पेशंट होता हे कळल्यावर माझं अर्धं अवसान गळालं, त्याला थापा मारता येत नव्हत्या. मी मारलेल्या सगळ्या थापा त्यानं आधीच मारून झाल्या होत्या.

---

माजघर | ५ जून, रात्री १०:४८

जुना_भिडू, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मी दोन्ही पाहिलंय, म्हणून लिहिते. रानजाई, त्या रात्रीच्या गाडीबद्दल. आम्ही ती चूक केली. नाव घेत नाही. रात्री दीडला पोरं आली, झोपेतून नवऱ्याला ओढून नेलं. "पिकअप"चे वेगळे पैसे घेतले, पावती नाही. तीन महिने फोनवर बोलू दिलं नाही, "पेशंट इमोशनल होतो" म्हणून. भेटायला गेले तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि मनगटावर वळ. डॉक्टर कुठेत विचारलं तर "आठवड्यातून येतात". घरी आला तो सुधारून नाही, गप्प होऊन आला. आठव्या दिवशी प्यायला, आणि पितापिता मला म्हणाला, "तू मला विकलंस." ते वाक्य धुऊन काढायला चार वर्षं गेली.

दुसऱ्या वेळी आधी मी गेले. पुण्यात मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांसाठी "सहचरी" गट आहे. पहिल्या दिवशी मी फक्त रडले. दुसऱ्या वेळी एका बाईनं विचारलं, "तुम्ही शेवटचं स्वतःसाठी काय विकत घेतलं?" मला आठवेना. हसू नका, पण येताना मी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि रिक्षात बसून त्याचा वास घेत आले.

तुझ्या वहिनीला कुठेतरी असं बसायची जागा हवी. दादाच्या आधी.

---

कंदीपेढा | ५ जून, रात्री ११:१०

सहचरीबद्दल +१. आणि बायकाही पितात बरं का, हे धाग्यावर कुणीतरी म्हणायला हवं. आमच्या नात्यात एक आहे, नवरा तिला केंद्रात न्यायला तयार नाही, "लोक काय म्हणतील". मुक्तांगणमध्ये बायकांसाठी "निशिगंध" नावाचा वेगळा विभाग आहे हे मला परवाच कळलं.

---

स्टेथोबाबा | ५ जून, रात्री ११:३५

माजघर यांनी जे सोसलं ते बेकायदेशीर आहे, नुसतं वाईट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था त्यात येतात, म्हणून अशा उपचार केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. या कायद्यानं साखळीनं बांधणं बंद, जबरदस्तीनं डोकं भादरणं बंद. माणूस स्वतःच्या संमतीनं दाखल होतो आणि डिस्चार्जही मागू शकतो. स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नसेल आणि जिवाला धोका असेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं. पण त्यालाही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावं लागतं आणि सुरुवातीला कमाल ३० दिवसांची मर्यादा आहे. रात्रीची गाडी आणि चार पोरं यात कुठेच बसत नाहीत.

केंद्राला फोन कराल तेव्हा विचारा: नोंदणी दाखवा. मनोविकारतज्ज्ञ किती वाजता असतात? रात्री फिट आली तर काय करता? घरच्यांना कधी भेटता येतं? फी लेखी द्या. आणि सगळ्यात शेवटी, डिस्चार्जनंतर काय? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही तिथे जाऊ नका. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणाला तर फोन ठेवा.

परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, तिथे सुरुवात होते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, दोन्ही मोफत. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं.

आगाऊ_कार्टं, तुमच्यासाठी एक आकडा. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पाशात अडकलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ इच्छाशक्तीवरच सोडलेले असतात.

---

आगाऊ_कार्टं | ६ जून, सकाळी ८:१५

ठीक. आजोबांचं विचारलं आईला. ती म्हणाली बंद केली खरी, पण त्याआधी ते आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते आणि "भुतं दिसत होती". मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. शब्द मागे.

---

टेम्सकाठ | ६ जून, दुपारी ३:२०

लंडनहून. इथे प्रत्येक भागाची स्थानिक ड्रग ॲण्ड अल्कोहोल सर्व्हिस असते, फुकट, आणि जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, स्वतः फोन करता येतो. एक की-वर्कर ठरवून देतात, तोच बोलत राहतो. ऐकायला सुरेख आहे. पण माझ्या मराठी मित्राला त्या दारापर्यंत जायला सहा वर्षं लागली, कारण मंडळाच्या गणपतीत कुणाला कळलं तर? लाज व्हिसा न काढता सोबत येते.

---

पोईवाला | ६ जून, रात्री ८:०५

गोव्यातून दोन शब्द. आमच्याकडे फेणीवरून विनोद पुष्कळ, बोलणं कमी. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला होता, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजकीच सत्रं बोलायचं. त्याचा फायदा दिसला. मात्र हे दादासारख्या सकाळपासून पिणाऱ्यासाठी नाही, त्याच्या अलीकडच्या टप्प्यावरच्यांसाठी. त्यांच्यासाठी बांबोळीचं सरकारी मनोविकार रुग्णालय आहे, माझा चुलतभाऊ तिथेच बरा झाला.

मला म्हणायचंय ते एवढंच, की शनिवारपुरतं होतं तेव्हाच कुणी विचारलं असतं तर. असो. रानजाई, हे तुला टोचायला नाही लिहिलं.

---

रानजाई | १९ जून, रात्री १०:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. गाडीवाल्याला नाही सांगितलं. वहिनी चिडली, दोन दिवस बोलली नाही. मग मी तिला माजघरचा प्रतिसाद वाचून दाखवला, "तू मला विकलंस" पर्यंत. ती म्हणाली, "आता पुढचं नको वाचूस."

रविवारी वहिनी पुण्याला आली, घरी सांगितलं लग्नाचा बस्ता आहे. जुना_भिडू यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलेल्या एए च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला आम्ही दोघी गेलो. खुली मीटिंग होती, म्हणजे घरच्यांना चालतं. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडी, आणि तिसरीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठमोठी माणसं. एकानं उभं राहून नाव सांगितलं, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला नमस्कार घातला. मला वाटलं होतं बिचारी, खचलेली माणसं असतील. ती तर हसत होती! एक जण सांगत होता, बाटली पाण्याच्या टाकीत लपवली, ती फुटली आणि सोसायटीभर वास. आम्ही दोघी त्या किश्शाला हसलो, आणि मग वहिनी अचानक हुंदके द्यायला लागली. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी मागे न बघता रुमाल दिला.

फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही. एक पिशवी फिरते, टाकायचे तर टाका.

दादाला अजून सांगितलेलं नाही. पण वहिनीनं वर्कशॉपवाल्यांना "ताप आहे" म्हणणं बंद केलंय. लेथवर आता सकाळी पोऱ्या असतो, दादा दुपारनंतर. तेवढं माझ्या हट्टानं झालं.

---

जुना_भिडू | १९ जून, रात्री ११:०२

छान. आता त्याच्यामागे लागू नका. संधीची वाट बघा, ती येते. पडेल, काहीतरी मोडेल, मुलगा काहीतरी बोलेल. त्या सकाळी, प्यायच्या आधी, थोडक्यात विचारायचं. रात्री प्यायलेल्या माणसाशी बोलू नये, तो "हो" म्हणेल आणि विसरेल.

आणि हेही आताच सांगून ठेवतो. मी केंद्रातून आल्यावर सात महिन्यांनी प्यायलो होतो. आम्ही त्याला स्लिप म्हणतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याच समुपदेशकाकडे गेलो, त्यानं चहा मागवला, माळेबिळेचं काही बोलला नाही. ११ वर्षं त्यानंतरची आहेत.

---

रानजाई | ३ जुलै, पहाटे ५:४०

आली ती सकाळ. काल. पुतण्यानं शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे काहीच लिहिलं नव्हतं. दादानं विचारलं का रे, तर म्हणाला, "आईला विचारून लिहितो." दादा बराच वेळ तो फॉर्म घेऊन बसला. वहिनीनं चहा ठेवला, अर्धा कप, आणि म्हणाली, "मी जाऊन आलेय एका ठिकाणी. येता का?"

तो म्हणाला, "किती दिवस?"

मी गाडी घेऊन निघतेय साताऱ्याला. स्टेथोबाबा, तीन तासांचा प्रवास आहे, वाटेत त्याला काही झालं तर? आणि सोबत काय काय घ्यायचं?

---

स्टेथोबाबा | ३ जुलै, सकाळी ६:१०

निघण्याआधी केंद्राला फोन करून शेवटची कधी आणि किती घेतली ते सांगा, प्रवासाचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आज "शुद्ध होऊन जाऊ" म्हणून तो कालपासून कोरडा राहिला असेल तर लगेच सांगा, लपवू नका. वाटेत फिट आली, फार ताप आला किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर पुण्याची वाट न बघता दिसेल त्या मोठ्या रुग्णालयात, आणि दारूचं पहिल्या वाक्यात. जुने रिपोर्ट, चालू गोळ्या, आधारकार्ड घ्या. मागे त्याच्या शेजारी कुणीतरी बसा.

---

जुना_भिडू | ३ जुलै, सकाळी ६:१४

साधे कपडे, टॉवेल, चप्पल, चष्मा असेल तर चष्मा. आफ्टरशेव्ह, सेंट, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध घेऊ नका, त्यात अल्कोहोल असतं, गेटवर काढून घेतील आणि त्याला चोर पकडल्यासारखं वाटेल. बॅग त्याला स्वतःला भरू दे. तंबाखूचं काय ते तिथे विचार.

---

माजघर | ३ जुलै, सकाळी ६:२०

आणि वहिनीचीही एक बॅग भर. सोडून आल्यावर दोन दिवस तिला तुझ्याकडेच ठेव, लगेच त्या घरी पाठवू नकोस.

---

रानजाई | ३ जुलै, सकाळी ९:४८

साताऱ्यात पोचले. केंद्राशी बोलणं झालंय. दादा दाढी करून बसलाय. गालावर दोन ठिकाणी कापलंय, हात थरथरतोय म्हणून. वहिनी तुरटी शोधतेय.